इंजिनास गुदगुल्या

माझं शिक्षण पुढे चालू राहावं म्हणून माझ्या सासऱ्यांनी एका इंजिनाला अर्धा तास गुदगुल्या केल्या. असे सासरे हल्ली मिळत नाहीत. तेव्हाही मिळत नसत.

ही गोष्ट सन तीस उलटून गेल्यानंतरची. इंग्रजी सहावी पास झाले, लग्न झालं आणि मी नाशकात आले. सातवी म्हणजे मॅट्रिक, ती राहिली ती राहिलीच. आमचे 'हे' पुण्याला कॉलेजात होते. म्हणजे त्यांचं शिक्षण चालू आणि माझं बंद. शाळेचं नाव काढलं की सासूबाई पोळपाट पुढे सरकवत. याचा मला मनापासून संताप येई, पण नव्या सुनेनं संताप कुठे ठेवायचा? मी तो पोळ्या लाटताना स्पेलिंगं घोकण्यात काढत असे. (पोळी करपली की स्पेलिंग अवघड होतं, असं समजावं.)

आमचे मामंजी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. मोडी वाचण्यात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कसरीनं खाल्लेला कागदसुद्धा ते घडाघडा वाचत, आणि भोकांच्या जागी काय असेल तेही सांगत. इंग्रजी मात्र त्यांना सहीपुरतं येई. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्याचे जुने मोडी कागद त्यांनी लावून दिले, आणि साहेब विलायतेला परत जाताना खूश होऊन बक्षीस देऊन गेला. दुसऱ्या कुणाला घड्याळ मिळालं असतं. आम्हाला होडी मिळाली.

शिडाची होडी, चौघांपुरती. तिच्या पाठीशी टांगायचं एक छोटं इंजिन, आणि त्या इंजिनाचं बारा पानी इंग्रजी पुस्तक. साहेब ती दारणेच्या धरणावर फिरवत असे. दिवाळीत ती बैलगाडीतून आमच्या परसात येऊन उताणी... नव्हे, पालथी पडली. माघ उजाडला तसं सासूबाईंनी तिच्या पाठीवर कुरडया वाळत घातल्या. शीड अंथरून त्यावर उडदाचे पापड घातले. त्यांचं म्हणणं, साहेबानं आजवर एवढी एकच कामाची वस्तू बनवली.

सगळं असंच सुखात चाललं असतं. पण मामंजींचे दोस्त नानासाहेब, रिटायर्ड फौजदार, रोज संध्याकाळी सुपारी खायला येत आणि परसाकडे बघून म्हणत, "काय रावसाहेब, आरमार अजून जमिनीवरच?"

एके दिवशी मामंजींना ते झोंबलं. "पाडव्याला आनंदवल्लीच्या डोहात होडी सोडणार," ते म्हणाले. "आणि पहिल्या फेरीत तुम्हाला बसवणार."

आता वल्हवायला आमच्याकडे वल्ही नव्हती (ती बैलगाडीतून येताना वाटेत कुठे पडली कोण जाणे), शीड पापडांच्या खारानं पत्र्यासारखं कडक झालेलं, आणि चैत्रात सकाळी नाशकात वारा तरी कुठे असतो? सगळी भिस्त इंजिनावर, आणि इंजिनाची सगळी विद्या त्या इंग्रजी पुस्तकात. गावात इंग्रजी येणारे पुष्कळ होते. पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं आलं. मामंजींनी मला हाक मारली.

"सूनबाई, हे पुस्तक मराठीत करशील?"

मी हो म्हटलं. काय लिहिलंय ते न बघताच म्हटलं. तो माझा स्वभावच आहे.

"मग ऐक. पाडव्याला इंजिन चाललं तर जूनमध्ये तुझं नाव मुलींच्या शाळेत घालतो. मॅट्रिकला बस. शब्द माझा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आणि नाही चाललं तर?"

"नाही चाललं तर हिचं इंग्रजी कच्चं. मग शाळेचं नाव काढायचं नाही."

बारा पानांवर माझं सगळं पुढचं आयुष्य, आणि मदतीला शाळेतली एक खिशात मावेल एवढी डिक्शनरी.

मामंजींनी काम कचेरीच्या शिस्तीनं मांडलं. मी रोज दुपारी त्या पुस्तकातच छापील मजकुराखाली एकेक कलम मराठीत लिहायचं, संध्याकाळी ते चष्मा लावून तपासणार, लाल शाईनं दुरुस्ती करणार आणि समासात शेरा मारणार. पहिल्या कलमातच माझी गाडी अडली. लिहिलं होतं, 'टिकल दि कार्ब्युरेटर.' कार्ब्युरेटर हा शब्द माझ्या डिक्शनरीत नव्हताच. टिकल होता. टिकल म्हणजे गुदगुल्या करणे. मी तीनदा पाहिलं. दुसरा अर्थच नव्हता.

"इंजिन सुरू करण्यापूर्वी कार्ब्युरेटरास गुदगुल्या कराव्यात," मामंजींनी मोठ्यानं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असंच लिहिलंय," मी म्हटलं.

"असेल. यंत्र परदेशी आहे, त्याची रीत निराळी."

दुसरं कलम चोकचं. चोक म्हणजे गळा दाबणे. 'इंजिन गार असल्यास त्याचा गळा दाबावा.'

"आधी गुदगुल्या आणि मग गळा?"

"हो, मामंजी."

"या लोकांचा काही नेम नाही," ते म्हणाले आणि 'बरोबर' असा शेरा मारला.

तिसऱ्या कलमात लिहिलं होतं, 'डू नॉट फ्लड दि इंजिन.' फ्लड म्हणजे पूर, हे मला डिक्शनरीशिवाय येत होतं, त्यामुळे मी फारच खुशीत आले. पण 'इंजिनास पूर आणू नका' याला काही अर्थ लागेना. माणूस कुठे पूर आणतो? मी थोडी अक्कल चालवली (इथेच माझा घात झाला) आणि लिहिलं, 'नदीस पूर आला असता इंजिन वापरू नये.'

मामंजींना ते कलम इतकं आवडलं की त्यांनी सासूबाईंना बोलावून वाचून दाखवलं. "बघ, विलायतेत बसून लिहिणाऱ्याला आपल्या गंगेचं पाणी ठाऊक आहे. याला म्हणतात जबाबदार माणूस." (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.)

चौथं कलम सोपं होतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे. किती तेल, तेही मी नीट लिहिलं. बाराही पानांत माझं एवढं एकच वाक्य निखालस बरोबर होतं. आणि मामंजींनी त्यावर लाल शाईची आडवी रेघ ओढली.

"मामंजी, पण तसंच आहे."

"सूनबाई, दुधात पाणी घालतात, तुपात चरबी घालतात. पण भेसळ करा असं छापून कुणी सांगत नाही. तुझी वाचण्यात चूक आहे." आणि समासात शेरा पडला, 'असंभव. नकलेतील दोष.' त्या शेऱ्याचं मला फार वाईट वाटलं. पण वरच्या तीन कलमांची मनात धाकधूक असल्यामुळे चौथ्यासाठी भांडायचा मला धीर झाला नाही.

पाडव्याला चार दिवस असताना परसात चाचणी झाली. पाण्यानं भरलेल्या पिंपात इंजिन उभं केलं. मोटरस्टँडवरून पेट्रोलचा डबा आणला होता, ते घातलं. दोरी ओढायला गाडीवान किसन, पुस्तक वाचायला मी, आणि गुदगुल्यांना खुद्द मामंजी.

"कार्ब्युरेटर कुठला?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात चित्र नाही."

मग त्यांनी सरसकट सगळीकडे गुदगुल्या करायला सुरुवात केली. धोतर खोचून, दोन बोटांनी, तोंड गंभीर. वरच्या बाजूला एक छोटं पितळी बटण होतं, ते बोटाखाली मऊ दबायचं आणि टुपकन वर यायचं. "हाच," मामंजी म्हणाले. "याला हसू येतंय." आणि मग अर्धा तास ते त्या बटणालाच गुदगुल्या करत राहिले. परसभर पेट्रोलचा वास सुटला. मग त्यांनी दोन्ही हातांनी इंजिनाची मान आवळली आणि ओरडले, "ओढ!"

किसननं ओढली. इंजिन नुसतं 'फुस्' म्हणालं.

"आणखी गुदगुल्या करायला हव्यात का गं?"

"करून बघा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळपर्यंत किसनचा खांदा निखळायला आला. "मालक, ह्यो लय आडमुठा हाय. ह्याला हसू बी येत नाय आन् रडू बी येत नाय." मला मात्र रडू येत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी विचारायला नको. चार दिवस मी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं. टिकल, चोक, फ्लड. डिक्शनरीची पानं निसटायला आली, पण अर्थ काही बदलला नाही. मुलींच्या शाळेची घंटा आमच्या घरी ऐकू यायची. ती मला त्या चार दिवसांत ऐकवेना.

"पिंपात कसं चालेल?" मामंजी शेवटी म्हणाले. "त्याला वाहतं पाणी लागत असेल. डोहात चालेल." ते हे माझ्यासाठी म्हणाले की फौजदारांसाठी, मला कळलं नाही. सासूबाईंनी मात्र गुपचूप देवळाली कॅम्पात युसूफभाईंना निरोप धाडला. युसूफभाई आमचं शिवणयंत्र दुरुस्त करायला यायचे. कॅम्पातल्या गोऱ्यांच्या फटफट्याही तेच बघत.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुनिंब खाऊन तोंडं वाकडी केली आणि बैलगाडीत होडी घालून आम्ही आनंदवल्लीला निघालो. निघण्यापूर्वी सासूबाईंनी पाडव्याच्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्यांना तेल लावून अभ्यंगस्नान घातलं. इंजिन घरातलंच म्हणून त्यालाही. चांगलं वासाचं तेल, वरपासून खालपर्यंत चोळून, वर हळदकुंकू. इंजिनाला असा वास येत होता की फौजदारसाहेब म्हणाले, "लग्न कुणाशी ठरलंय याचं?"

डोहाच्या काठी मामंजींनी नारळ फोडला आणि होडी पाण्यात लोटली. मामंजी, फौजदार आणि पुस्तक वाचायला मी, अशी तिघं आत बसलो. गुदगुल्या झाल्या. गळा दाबून झाला. किसननं पाण्यात उभं राहून दोरी ओढली. फुस्. पुन्हा ओढली. फुस्. पलीकडे म्हशी डुंबत होत्या, त्यांनी माना वळवून पाहिलं आणि पुन्हा पाण्यात घातल्या.

"रावसाहेब," फौजदार म्हणाले, "हे आरमार कुठल्या शत्रूला घाबरलंय?"

मामंजींनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. ते न पाहणंच मला फार लागलं.

तेवढ्यात सायकलवरून युसूफभाई आले. पायजमा वर करून कमरेइतक्या पाण्यात उतरले, पान्यानं इंजिनातून एक चिनीमातीचा तुकडा काढला, तो हुंगला आणि आमच्याकडे पाहिलं.

"काका, ये तो फ्लड झालाय. हे बटण किसने इतना दबाया?"

"दाबलं नाही," मामंजी म्हणाले. "गुदगुल्या केल्या."

"जास्ती केल्या. पेट्रोल आत भरून गेलं. फ्लड झाला."

'फ्लड' हा शब्द युसूफभाईंच्या तोंडून ऐकला आणि मला कलम तीन आठवलं. इंजिनाला पूर आणू नका. माणूस पूर आणतो तर! मामंजींनी अर्धा तास मेहनत करून आणला होता.

फौजदार मात्र खोखो हसायला लागले. "अरे, फ्लड म्हणजे पूर. पुराच्या बंदोबस्तात शंभर वेळा लिहिलाय मी तो शब्द. चैत्रात पूर? काम येत नसेल तर तसं सांग, थापा मारू नकोस."

"पुस्तकातही पूरच म्हटलंय," मामंजींनी पुस्तक पुढे केलं. "हे बघा, कलम तीन."

युसूफभाईंचा चेहरा उतरला. "मैं अनपढ आदमी, साहेब. पुस्तक काय म्हणतं मला माहीत नाही. इंजिन काय म्हणतं ते सांगितलं." आणि ते शांतपणे पाना पिशवीत घालू लागले.

मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. इंजिन बिघडलेलं ठरलं असतं, साहेब लबाड ठरला असता, माझं इंग्रजी अब्रूनं वाचलं असतं आणि मामंजींना रडून गळ घालता आली असती. मी एवढा सगळा विचार केला, हे लाजेनं सांगते. युसूफभाई पिशवीची नाडी आवळत होते.

"मामंजी," मी म्हटलं, "युसूफभाई बरोबर आहेत. कलम तीन माझ्या मनचं आहे. गुदगुल्यांचंही चुकलं असावं. गळ्याचंही."

मामंजींनी पुस्तक मिटलं आणि कोटाच्या खिशात घातलं. संपलं माझं शिक्षण, असं मला वाटलं. डोहात पाणी किती असेल हाही विचार मनात येऊन गेला. (काठाशी तरी कमरेइतकंच होतं.)

"युसूफभाई," मामंजी म्हणाले, "तुमच्या रीतीनं करा."

युसूफभाईंनी तो तुकडा धोतराच्या सोग्यानं पुसला. (सोगा मामंजींचा. त्यांनी तो स्वतः पुढे केला.) पुन्हा बसवला. दोरीला हात घालण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "तेल घातलंय ना?"

"घातलंय की," काठावरून सासूबाई म्हणाल्या. "सकाळीच. भरपूर."

युसूफभाईंनी मान डोलावली, एकच हिसका दिला, आणि ते इंजिन असं काही ओरडलं की म्हशी पाण्याबाहेर निघाल्या. होडी सुटली. फौजदारांची टोपी उडाली. मामंजी दांडा धरून उभे राहिले, डोहाला एक वळसा घातला, दुसरा घातला, आणि त्या गोंगाटात वाकून माझ्या कानात ओरडले, "जूनमध्ये नाव घालतो! खरं बोललीस म्हणून!"

एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तो तिसऱ्या वळशापर्यंत टिकला.

मग इंजिनातून 'कर्रर्र' असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळं थंड झालं. दोरी जागची हलेना. होडी डोहाच्या ऐन मध्यावर, वल्ही नाहीत, शीड पापडाचं.

"तेल!" काठावरून युसूफभाई ओरडले. "पेट्रोलमध्ये तेल घातलं होतं ना?"

"पेट्रोलमध्ये कशाला?" सासूबाईंचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "अंगाला लावलं!"

मामंजींनी सावकाश खिशातून पुस्तक काढलं आणि कलम चार उघडलं. मी शेजारीच होते. लाल रेघेखालून माझं वाक्य स्पष्ट दिसत होतं. समासात त्यांच्या वळणदार अक्षरात 'असंभव'. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. मग फौजदारांकडे पाठ करून हळूच म्हणाले, "हे पान तुझ्या सासूबाईंना दाखवायचं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तुझं इंग्रजी एका कलमापुरतं बरं आहे."

आम्हाला बाहेर काढलं ते म्हशींनी. किसननं पोहत येऊन होडीला दोरी बांधली, दुसरं टोक दोन म्हशींच्या गळ्यात बांधलं आणि त्यांनी आम्हाला काठाकडे ओढलं. फौजदारसाहेब सबंध वेळ डोळे मिटून बसले होते. त्यांना वाटत होतं, त्यामुळे त्यांना कुणी ओळखणार नाही.

काठावर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मामंजी उतरले आणि घसा खाकरून म्हणाले, "हिच्या शाळेचं—"

"शाळेचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "ते मी सांगते. जूनची वाट कशाला बघायची? उद्याच घाला हिला शाळेत."

मामंजी चकित. मी तर आणखीच चकित. सबंध वर्षभर या बाई माझ्या शाळेच्या आड उभ्या होत्या.

"तू?" मामंजी म्हणाले. "तू असं म्हणतेस?"

"मग काय करू? अर्धवट इंग्रजी घेऊन ही घरात बसणार. आज इंजिनाचा गळा दाबला. उद्या औषधाच्या बाटलीवरचं वाचेल आणि तुमचा दाबेल. पुरतं शिकवा नाहीतर आलंय तेवढं विसरायला लावा. आणि विसरायचं औषध काही मिळत नाही."

अशा रीतीनं मी शाळेत गेले. इंग्रजी येतं म्हणून जायचं होतं, येत नाही म्हणून गेले. पहिल्या दिवशी हेडबाईंनी माझं मंगळसूत्र पाहिलं, मामंजींचं वय पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "सुनेला इतक्या हौसेनं शिकवता आहात. पुढे काय करायचं मनात आहे?"

मामंजी आयुष्यभर कागदावर खरं तेच लिहीत आलेले. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "पुढचं काही नाही. घरातली माणसं सुखरूप राहावीत, एवढंच."